माणसात काय पाहावे

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवावे असे शाळेचे पत्र आले, तेव्हाच मी ठरवून टाकले की लिहायचे ते सरांविषयी. शाळेने आम्हांला पुष्कळ दिले. प्रयोगशाळा, ग्रंथालय, मैदान, स्नेहसंमेलन यांविषयी माझ्या बरोबरीचे लिहितीलच. मला मात्र नववी 'ब'च्या वर्गात मिळालेल्या एकाच देण्याविषयी लिहायचे आहे, आणि ते म्हणजे माणसात काय पाहावे याची दृष्टी. सरांचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. आपले नाव छापलेले त्यांना आवडत नसे, आणि जे त्यांच्याकडे मराठी व इतिहास शिकले त्यांना ते सांगण्याची गरजही नाही.

एकदा सरांनी निबंधाला विषय दिला, 'माणसाचा सर्वांत मोलाचा गुण'. सर्वांनी मोठमोठे शब्द लिहून आणले. प्रामाणिकपणा, देशभक्ती, त्याग, निर्भयता असे सगळे गुण वह्यांत होते आणि कोणाच्याही वहीत एकही माणूस नव्हता. सरांनी वह्या तपासल्या नाहीत. त्यांनी सांगितले, "हे शब्द चांगलेच आहेत, पण ते तुम्ही पाहिलेले नाहीत. घरी जा, गल्लीतल्या मोठ्या माणसांना विचारा की तुम्ही कोणाला चांगला माणूस म्हणता आणि का म्हणता, आणि जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून आणा."

पुढच्या तासाला फळा भरून गेला. ती उत्तरे मला आजही जवळजवळ शब्दशः आठवतात. यंत्रमागावर काम करणाऱ्या एका काकांनी सांगितले होते की पाळी संपल्यावर जो माग पुसून ठेवतो आणि धागा कुठे तुटतो आहे ते पुढच्या पाळीवाल्याला न लपवता सांगून जातो, तो चांगला माणूस. किराणा दुकानदाराचे उत्तर असे होते की उधारी फेडता आली नाही तरी जो रस्ता बदलून जात नाही, समोर येऊन "या महिन्यात जमत नाही" असे म्हणतो, तो. दिवसाला हजार विड्या वळणाऱ्या एका मावशींनी सांगितले की विड्या तपासताना खराब विड्या बाजूला काढाव्याच लागतात, त्याबद्दल तक्रार नाही, पण चार बायकांसमोर न ओरडता जो त्या काढतो, तो माणूस चांगला. एका आजींचे उत्तर सर्वांत लहान होते. दिलेले बोलून दाखवत नाही, तो.

सरांनी प्रत्येक उत्तर फळ्यावर लिहिले आणि आम्हांला विचारले की या चौघांत समान काय आहे. वर्ग बराच वेळ गप्प राहिला, तेव्हा त्यांनीच सांगितले की चौघांनीही स्वतःपेक्षा दुबळ्या जागी असलेल्या माणसाशी, किंवा दुबळ्या जागी असताना, कोण कसे वागतो एवढेच पाहिले आहे. पुढच्या पाळीवाल्याला तुटक्या धाग्याची माहिती नसते, देणेकऱ्याला मान खाली घालावी लागते, विडीवाल्या बाईची मजुरी तपासणाऱ्याच्या हातात असते, घेणाऱ्याला उत्तर देता येत नाही. "समोरचा माणूस आपल्यामुळे लहान झाला नाही, हे ज्याला साधते, त्याच्याकडे लोक ओढले जातात," असे ते म्हणाले. प्रामाणिकपणा किंवा धैर्य यांना ते कमी लेखत नसत, परंतु समोरच्याचा मान ज्यात राखला जात नाही तो प्रामाणिकपणाही माणसांना नकोसा होतो, असे त्यांचे ठाम मत होते.

हे त्यांनी केवळ सांगितले असते तर कदाचित विसरलेही असतो. त्याच वर्षी आमच्या वर्गात सोलापूरच्या पूर्व भागातून एक मुलगा आला. त्याचे सातवीपर्यंतचे शिक्षण तेलुगू माध्यमातून झाले होते. घरी माग होता, सगळे घर त्यावर राबत होते आणि घरात मराठी बोलले जात नव्हते. धडा मोठ्याने वाचताना तो 'मोठी दगड' असे म्हणाला आणि वर्ग हसला. त्याने पुस्तक खाली ठेवले आणि त्या दिवशी तो पुन्हा बोलला नाही. सर त्या वेळी कोणावरही रागावले नाहीत, आणि त्याचेच आम्हांला नवल वाटले.

दुसऱ्या दिवशी हजेरी झाल्यावर त्यांनी त्या मुलाला पुढे बोलावले, त्याच्या हातात खडू दिला आणि तुझे नाव तेलुगूत लिही म्हणून सांगितले. त्याने गोल, वळणदार अक्षरांत ते लिहिले. मग सरांनी दुसरा खडू घेतला आणि त्याखाली ते अक्षर न् अक्षर गिरवू लागले. पहिले अक्षर चुकले. मुलगा हळू आवाजात म्हणाला, "नाही सर, इथे वळण वर जाते." सरांनी पुसून पुन्हा काढले. तेही चुकले. वर्ग हसू लागला, तरी सर थांबले नाहीत. ते प्रत्येक वेळी त्याच्याकडे वळून विचारत, "आता बरोबर आहे का?" आणि तो मुलगा, आदल्या दिवशी तोंड न उघडणारा, त्यांना नीट समजावून सांगत राही. अर्धा तास गेला, नाव पूर्ण झाले. त्याचे आडनाव हजेरीत आपण कसे चुकीचे उच्चारत होतो हेही त्यांनी त्याच्याकडूनच दुरुस्त करून घेतले. मग ते आमच्याकडे वळले. "मी शिक्षक आहे म्हणून तुमच्या हसण्याने माझे काही बिघडले नाही. मला एक नाव लिहायला अर्धा तास लागला. हा रोज सहा तास परक्या भाषेत बसतो." एवढे बोलून त्यांनी धडा उघडला. त्यानंतर त्या वर्गात वाचताना कोणी कोणाला हसले नाही.

थोड्याच दिवसांनी त्यांनी आम्हांला डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्याविषयी सांगितले. आपल्या सोलापुरात १९१० साली जन्मलेल्या या डॉक्टरांची गोष्ट प्रत्येक सोलापूरकराला ठाऊक असते. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचे पथक युद्धग्रस्त चीनला गेले, बाकीचे परतले, कोटणीस तेथेच राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, जखमींची सेवा करतानाच वारले. सर मात्र त्यांच्या मृत्यूवर थांबत नसत. कोटणीस चिनी भाषा बोलायला आणि लिहायला शिकले, यावर त्यांचा भर असे. रुग्णाला आपली वेदना दुभाष्यामार्फत सांगावी लागू नये यासाठी एवढे कष्ट घेणारा डॉक्टर त्यांना शूर डॉक्टरापेक्षाही थोर वाटे. हे सांगताना त्यांची नजर त्या मुलाच्या बाकाकडे गेली होती, हे मला स्पष्ट आठवते.

आम्ही दहावीत असताना, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री विसर्जनाच्या मिरवणुका झाल्या होत्या, आणि धक्का सोलापुरातही जाणवला होता. सरांनी शाळेत मदत गोळा करायला सुरुवात केली. प्रत्येक घरातून कडक भाकरी मागवल्या, कारण त्या टिकतात, आणि सोबत शेंगाचटणी. पांघरुणे मात्र त्यांनी स्वतः एकेक उघडून पाहिली. जी विटलेली, फाटलेली होती ती बाजूला काढली आणि आणणाऱ्यांना शांतपणे परत दिली. "जी चादर आपण आपल्या पाहुण्याला देणार नाही ती त्यांनाही द्यायची नाही. त्यांचे घर पडले आहे, मान पडलेला नाही," हे त्यांचे शब्द होते. चादरींच्या या गावात ते वाक्य सगळ्यांना लागलीच कळले.

आज मी पुण्यात एका मोठ्या उद्योगात माणसे निवडण्याच्या विभागाचा प्रमुख आहे. या कामासाठी मानसशास्त्राचा अभ्यास करावा लागला, आणि तो करताना सर पदोपदी आठवले. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बस यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ३७ संस्कृतींतील दहा हजारांहून अधिक लोकांना जोडीदारात काय हवे ते विचारले होते. स्त्री आणि पुरुष दोघांच्याही यादीत दयाळूपणा व समजूतदारपणा आणि बुद्धी हे गुण रूप आणि पैसा यांच्या वर होते. प्रिन्स्टन विद्यापीठातील सुसान फिस्क आणि त्यांचे सहकारी दाखवून देतात की माणूस समोर आला की आपण आधी त्याचा हेतू आपल्या भल्याचा आहे का ते जोखतो आणि त्यानंतर त्याची कुवत. पीटरसन आणि सेलिग्मन यांनी २००४ मध्ये सहा सद्गुणांखाली २४ गुणांची मांडणी केली. हे सारे संशोधन मोलाचे आहे, आणि मी ते माझ्या सहकाऱ्यांना शिकवतो. पण विडी वळणाऱ्या त्या मावशींनी एका वाक्यात जे सांगितले त्याच्या पलीकडे ते मला फारसे नेत नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे. मुलाखतीत मी प्रत्येक उमेदवाराला एक प्रश्न हमखास विचारतो: तुमच्या हाताखाली काम करणाऱ्या कोणाकडून तुम्ही काय शिकलात? भल्याभल्या पदव्या असलेले काही जण येथे गप्प होतात. काही जणांचा चेहरा मात्र उजळतो, ते त्या माणसाचे नाव घेऊन सांगू लागतात, आणि माझी निवड बरीचशी तेथेच होते.

मधल्या काळात सोलापूर बदलले. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, भोंगे थांबले, आणि ज्या गल्लीत आम्ही वह्या घेऊन प्रश्न विचारत फिरलो ती ओळखू येत नाही. शाळेत गेलो असता जिन्यावर रंगवलेली मूल्यांची यादी पाहिली. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, सौजन्यशीलता अशी दहाही मूल्ये सुरेख अक्षरांत होती. रंगकाम उत्तम आहे, पण मला वाईट वाटले, कारण त्या यादीत पुन्हा शब्दच होते आणि माणूस नव्हता. मुले त्या पायऱ्यांवरून धावत जात होती आणि कोणी ती यादी वाचत नव्हते.

तेलुगू माध्यमातून आलेल्या माझ्या त्या वर्गमित्राचा आज टॉवेलचा कारखाना आहे. त्याच्याकडे ओडिशा आणि बिहारमधून आलेले कामगार आहेत, आणि त्यांची नावे तो ते उच्चारतात तशीच उच्चारतो. मी पत्राविषयी सांगितल्यावर त्याने सुचवले, आणि मलाही ते पूर्ण पटले, की सरांच्या नावाने पारितोषिक किंवा फलक न करता त्यांचा प्रश्न पुन्हा विचारावा. नववीच्या मुलामुलींनी आपल्या गल्लीतल्या मोठ्यांना, शक्यतो वेगळी भाषा बोलणाऱ्यांना, विचारून उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहून आणावीत, आणि जिन्यावरच्या यादीशेजारी ती दरवर्षी नव्याने लिहिली जावीत. रंगाचा आणि भिंतीच्या डागडुजीचा खर्च आमची तुकडी करील. मुख्य सोहळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघेही शाळेत येत आहोत. नववीच्या वर्गशिक्षकांनी त्या दिवशी सलग दोन तास आम्हांला द्यावेत, एवढी नम्र विनंती आहे.

— एक माजी विद्यार्थी, दहावी, मार्च १९९४