तुम्ही विचारलंत म्हणून : बाबांना मागे ठेवून मी पुढे का गेले

आत्याने विचारलं, मावसभावाच्या बायकोने विचारलं, आणि परवा एका मुंजीत माझं नावही माहीत नसलेल्या काकूंनी पंगतीतच विचारलं, "तूच ना ती, वडिलांना बोर्निओच्या जंगलात सोडून पुढे गेलेली?"

हा किस्सा बाबाच सगळीकडे सांगतात. त्यांच्या सांगण्यात शेवटी दाढीवाला रानडुक्कर येतो, सगळे पोट धरून हसतात, मीही हसते. मग कुणीतरी मला बाजूला घेऊन विचारतं, "पण खरंच, गेलीस कशी?" सहा वर्षांत मी याची तीन-चार वेगवेगळी उत्तरं दिली. एकही पूर्ण नव्हतं.

आधी जंगलाविषयी, कारण "बोर्निओ" म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं ते मला माहीत आहे. बाको हे सारावाक या बोर्निओ बेटावरच्या मलेशियाच्या राज्यातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान, 1957 सालचं. जेमतेम 27 चौरस किलोमीटर, तीन बाजूंनी समुद्र. राजधानी कुचिंगहून तासाभरात बाको गावी पोचायचं आणि तिथून मोटरबोटीने तेलोक आसाम, म्हणजे उद्यानाचं ऑफिस, खोल्या, कँटीन. निघताना रजिस्टरमध्ये नाव आणि कुठल्या वाटेने जाणार ते लिहायचं. झाडांवर रंगाच्या खुणा, फाट्यांवर पाट्या. मी त्यांना अघोरी ठिकाणी नेलं नव्हतं. सिंगापूरहून दीड तासाचं विमान. आणि जायचं बाबांच्याच मनात होतं. तिथे समुद्रातून उभा राहिलेला, फणा काढलेल्या नागासारखा एक खडक होता. त्याचा फोटो त्यांनी छापून खिशात ठेवला होता.

बाबा तेव्हा 69 वर्षांचे होते. दर रविवारी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढायचे, तेही तासाच्या आत. मला ट्रेकला लावलं त्यांनीच. "सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या चालीने चालायचं" हा नियमही त्यांचाच. लहानपणी सगळ्यात हळू चालणारी मी होते आणि त्या नियमाचा फायदा मी कित्येक वर्षं घेतला. हे मी आपणहून सांगते, कारण आत्या ते काढणारच.

2019 चा ऑगस्ट. ठरलं होतं असं की तेलोक आसामहून तेलोक पांडान केचिलच्या किनाऱ्यापर्यंत चालत जायचं, अडीच किलोमीटरच्या आसपास, आणि एक वाजता बोटवाला आम्हाला तिथून उचलणार. परत येताना तो खडक अगदी जवळून दाखवणार. पाटीवर दीड तास लिहिला होता. आम्ही साडेनऊला निघालो, म्हणजे वेळ भरपूर होता.

पहिला चढ मुळांवरून, सावलीतला. बाबा मजेत होते. वर पठारावर आलो आणि झाडं एकदम खुजी झाली. खाली पांढरी वाळू, वर ऊन, वारा नाही. या रानाला तिथे केरांगास म्हणतात. इबान भाषेतला शब्द, भात पिकत नाही अशी जमीन. बाबांना तो फार आवडला. "म्हणजे आपली वरकस," ते म्हणाले. त्यांचं लहानपण रत्नागिरीच्या सड्यावर गेलंय. पुढे वाटेच्या कडेला घटपर्णी दिसली तेव्हा ते गुडघ्यांवर बसले. बोटाएवढा हिरवा पेला, कड तांबूस, आत पाण्यात बुडालेल्या दोन मुंग्या. जमिनीत कस नाही म्हणून झाडाला किडे खावे लागतात, हे ते मला सांगत होते, आणि सांगता सांगता त्यांचा हात थरथरत होता. मी थरथर पाहिली. त्याच हाताचा फोटोही काढला. तो माझ्याकडे आहे.

त्यानंतर दर शंभर पावलांवर थांबणं सुरू झालं. सव्वाबाराला ते एका खडकावर बसले आणि म्हणाले, "तू पुढे हो. बोटवाला निघून जाईल. त्याला थांबव, मी येतो मागून."

मी म्हटलं, नको. ते म्हणाले, "अगं, जा ना."

तो स्वर तुम्ही ऐकला नाहीत, म्हणून तुम्हाला हे सोपं वाटतं. त्यात चीड होती. मी समोर उभी राहून त्यांना दम खाताना बघत होते, ते त्यांना नको होतं. मला ते कळलं आणि मी गेले. वर्षभर मी सगळ्यांना एवढंच सांगितलं: त्यांनीच पाठवलं. ते खरं आहे, पण माझी पावलं फार चटकन उचलली गेली होती. तीन तास थांबून थांबून माझे पाय आखडले होते, त्यांनी "जा" म्हटल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. आणि त्यांना हलकं चालता यावं म्हणून मी त्यांची सॅकही घेतली. त्यांच्याजवळ अर्धा लिटरची बाटली राहिली, तीही निम्मी. दोन लिटर पाणी आणि इलेक्ट्रालची पाकिटं माझ्या पाठीवर होती.

वाटेत एक फाटा लागतो, तेलोक पांडान बेसार या दुसऱ्या किनाऱ्याचा. मी पाटी वाचली आणि आपल्या वाटेने गेले. इथे उभं राहावं, असं मनात आलं नाही.

किनाऱ्यावर पोचले. बोट आली नव्हती. मी बूट काढले आणि घोटाभर पाण्यात उभी राहिले. जवळजवळ अर्धा तास. त्या अर्ध्या तासात मी खूप आनंदात होते. बाबांचा विचार एकदाही आला नाही, हे मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही.

एक वाजून दहा मिनिटांनी बोट आली. बोटवाल्याने हाताने विचारलं, दुसरा माणूस? तेव्हा पोटात गोळा आला. दहा मिनिटं वाट पाहिली, त्याला मोडकंतोडकं सांगून मी उलट चढत सुटले. खडकावर कुणी नव्हतं. हाका मारल्या. मी वाटेने वर आले होते, ते खाली आले असते तर भेटलेच असते. मग फाटा आठवला.

पांडान बेसारच्या वाटेवर ते सापडले. बसलेले नव्हते, उभे होते, एका बारक्या झाडाला दोन्ही हातांनी धरून. टोपी नव्हती. चेहरा लालबुंद. मी "बाबा" म्हणून धावत गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी अदबीने, बँकेत काउंटरवर बोलायचे तसं, म्हणाले, "ताई, माझी मुलगी पुढे गेलीय. तिच्याकडे पाणी आहे. दिसली तर सांगाल का?"

मी म्हटलं, "बाबा, मीच आहे." ते म्हणाले, "हो, हो. पण तिला सांगा."

त्यांचा दंड धरला तर चटका बसावा असा गरम. कसंबसं खाली बसवलं. डोक्यावर, मानेवर, काखेत पाणी ओतलं, माझी ओढणी भिजवून छातीवर टाकली, टोपीने वारा घातला. तिथली हवा इतकी दमट की घाम येतो पण वाळत नाही, म्हणून अंग थंडच होत नाही. हे सगळं मला नंतर कळलं. पुण्याच्या डॉक्टरांनी विचारलं, बीपीसाठी लघवी जास्त होणारी गोळी चालू आहे का? होती. ती घेणाऱ्यांना उन्हाचा त्रास लवकर होतो. ती गोळी रोज सकाळी मीच त्यांच्या हातावर ठेवत होते, ती कशाची आहे हे एकदाही विचारलं नव्हतं.

किती वेळ गेला ते आठवत नाही. घोट घोट पाणी पाजत होते. एका घोटानंतर त्यांनी माझा हात बाजूला सारला, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "अगं, बोटीचं काय झालं?" अगं म्हणाले. मी तिथेच वाळूत बसले.

बोटवाल्याने परत जाऊन ऑफिसात सांगितलं होतं. उद्यानाचे दोन कर्मचारी समोरून आले, बाबांना मध्ये घेऊन हळूहळू खाली आणलं. संध्याकाळी कँटीनपाशी तो रानडुक्कर आला, आणि बाबांचा किस्सा तिथून सुरू होतो. झाडाखालचं त्यांना आठवत नाही. निदान ते तसं म्हणतात. मी कधी विचारलं नाही. त्यांनी मला "ताई" म्हटलं होतं हे त्यांना ठाऊक नाही, आणि आता हे वाचून कळणार असेल तर कळू दे.

मधल्या काळात मी "चूक माझीच" असंही म्हणून पाहिलं. त्याने विषय लवकर संपतो, बाकी काही होत नाही. माझी एकटीची चूक म्हटलं की बाबा सत्तरीकडे झुकलेलं लहान मूल ठरतात, आणि ते तसे नाहीत. त्यांनी विचार करून मला पाठवलं होतं. त्यांचा शब्द मोडून मी तिथेच बसून राहिले असते, तर त्यांनी मला कितपत माफ केलं असतं कोण जाणे. पण फाट्यावर थांबायला कुणी मना केलं नव्हतं. पाणी ठेवून जायलाही नाही.

तो खडक आम्ही पाहिलाच नाही. "पुढच्या वेळी" असं म्हणून परतलो. 2021 च्या फेब्रुवारीत तो कोसळला. बातमी मी वाचली आणि बाबांना पाठवू की नको यात दोन दिवस घालवले. त्यांना ती आधीच कळली होती. म्हणाले, "लाटांनी पाया खाल्ला असणार." एवढंच. छापलेला फोटो अजून त्यांच्या पाकिटात आहे, घडीवर पांढरा पडलेला.

यानंतरही त्यांना का नेतेस, असंही तुम्ही विचारता. मी नेत नाही, आम्ही जातो. आता मी मागून चालते, पाणी दोघांच्याही पाठीवर असतं, गोळ्यांची यादी माझ्या फोनमध्ये असते. मागून चाललेलं त्यांना आवडत नाही. "पाठीवर कुणाची नजर असली की पाय अडखळतो," म्हणतात.

गेल्या डिसेंबरात सिंहगडाच्या वाटेवर, अर्ध्याहून वर, ते एका दगडावर टेकले आणि म्हणाले, "तू पुढे हो." तोच स्वर. थंडी होती, वाटेवर माणसांची वर्दळ होती, काही होण्यासारखं नव्हतं. मी त्यांच्या बाटलीत पाणी किती आहे ते पाहिलं. त्यांनी मला ते पाहताना पाहिलं आणि मान फिरवली. मी पुढच्या वळणापर्यंत गेले आणि वळून उभी राहिले. तिथून ते दिसत नव्हते.