अभ्यासिकेच्या पाटीवरचं नाव

कापूस वेचणीचे दिवस होते, म्हणून आठवीच्या वर्गात त्या दिवशी निम्मीच पोरं होती. २००८ चा डिसेंबर नुकताच लागला होता. आमचे पी.टी.चे सर वर्तमानपत्राचं कात्रण आणि खेळाच्या खोलीतली लाठी घेऊन वर्गात आले. कात्रण वाचून झाल्यावर त्यांनी लाठी माझ्या हातात दिली. म्हणाले, "धर. एवढीच होती त्यांच्याकडे."

ती लाठी हाताला अजून आठवते. तेल पिऊन काळी पडलेली पेरं आणि खालच्या टोकाला पितळी शेंबी.

कात्रण तुकाराम ओंबळे यांच्यावर होतं. साताऱ्याच्या जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे. आधी सैन्यात, मग मुंबई पोलिसांत. २६ नोव्हेंबरच्या रात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर सहायक फौजदार म्हणून उभे होते. अतिरेक्यांची गाडी अडली, आणि ओंबळेंनी कसाबच्या रायफलची नळी हातांनी धरली. गोळ्या सुटत राहिल्या, नळी सुटली नाही. तेवढ्यात सोबतच्यांनी कसाबला पकडलं. दहा जणांतला जिवंत सापडलेला तो एकटाच. २००९ च्या प्रजासत्ताक दिनी ओंबळेंना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं.

पुढे मी पोलिसांत भरती झालो. धुळ्याला ट्रेनिंगमध्ये लाठीचे हात शिकवले तेव्हा उमगलं, की लाठी चालवायला मधे अंतर लागतं. नळी धरायची तर ते अंतर स्वतःच संपवून समोरच्याच्या अंगाशी भिडावं लागतं. त्या रात्री बराकीत मला झोप लागली नाही.

शाळेच्या जुन्या दोन खोल्यांत आता ग्रामपंचायतीची अभ्यासिका चालते. पाटीवर नुसतं 'सार्वजनिक अभ्यासिका'. पहाटे बोरीकाठच्या रस्त्यावर सोळाशे मीटरचा टाइम लावून पोरं तशीच घामेजलेली तिथे येऊन बसतात. या इमारतीला ओंबळेंचं नाव द्यावं, असं मी दिवाळीत पारावर बोललो. एका आजोबांनी विचारलं, "हाऊ आपला गावना शे का?" प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, आजोबा, आपली पोरं भरती होऊन मुंबई, ठाणे, गडचिरोलीला जातात. तिकडच्यांनी त्यांना परकं मानलं तर आपल्याला कसं वाटेल? आजोबा काही बोलले नाहीत, पण पाठीवर हात ठेवून गेले.

एक विनंती मात्र आहे. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव मिळालं तेव्हा ऊर भरून आला होता. पण 'कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ' या लांबलचक नावाचं बोलता बोलता 'कबचौउमवि' झालं, आणि त्यात आपली बहिणाई ऐकूच येत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून पाटी आखूड ठेवा: 'तुकाराम ओंबळे अभ्यासिका'. खाली बारीक अक्षरांत 'सहायक फौजदार'. हुद्दा गाळू नका. आपली पोरं शिपाई म्हणूनच लागतात, आणि वर्षानुवर्षं बंदोबस्त करून त्या हुद्द्यापर्यंत पोचतात.

येत्या ग्रामसभेत शाळेनेच हा ठराव मांडावा. पाटीचा खर्च माझा. सर आता निवृत्त आहेत, पण पाटीवरचा पडदा त्यांच्याच हातून सरकावा. लाठी अजून त्याच खोलीत, दाराच्या मागे उभी आहे. मी पाहून आलो.