लोभाच्या आधीचा मोह: ‘व्हिक्टोरिया’ दुसऱ्यांदा पाहताना

षड्रिपूंच्या यादीत लोभ आणि मोह ही दोन नावे स्वतंत्रपणे येतात, पण त्यांच्यात नेमका फरक काय, हे मला शाळेत कधी नीट उमगले नव्हते. तो उमगला एका जर्मन थरारपटामुळे. सेबास्टियन शिपर यांचा २०१५ सालचा ‘व्हिक्टोरिया’ मी नुकताच दुसऱ्यांदा पाहिला. पहिल्या वेळी तो मधेच थांबवून मी चहा करायला उठलो होतो आणि त्यामुळे अर्धा चित्रपट हातचा गेला होता. (कथेतील काही वळणे पुढे येणार आहेत, चित्रपट पाहायचा असेल तर आधी पाहून घ्यावा.)

बर्लिनमधील एका क्लबात, लखलखत्या दिव्यांखाली, माद्रिदहून आलेली व्हिक्टोरिया एकटीच नाचत असते. या शहरात तिला तीनच महिने झाले आहेत. कॅफेतील तुटपुंज्या पगाराची नोकरी आहे आणि मित्र कोणी नाही. बाहेर पडताना तिला चार तरुण भेटतात. त्यांना क्लबात प्रवेश मिळालेला नाही. ती त्यांच्याबरोबर थोडे अंतर चालते. मग दुकानदार पेंगत असताना त्याच्या दुकानातून बिअर उचलली जाते. मग सगळे एका इमारतीच्या गच्चीवर चढतात. आणि उजाडेपर्यंत हीच मुलगी बँक लुटून आलेल्यांची गाडी हाकत असते.

१३८ मिनिटांचा हा चित्रपट एकाच सलग चित्रणात टिपलेला आहे. २७ एप्रिल २०१४ रोजी पहाटे साडेचारच्या सुमारास कॅमेरा सुरू झाला आणि क्रॉयझबर्ग व मिटे या भागांतील बावीस ठिकाणे पालथी घालून सातच्या सुमारास थांबला. पटकथा जेमतेम बारा पानांची होती आणि संवाद बहुतांशी नटांनी जागच्या जागी रचले. असे सलग चित्रण तीनदा झाले आणि तिसरे पडद्यावर आले. त्याआधी, हे जमलेच नाही तर हाताशी असावी म्हणून, तुकड्यातुकड्यांची एक आवृत्तीही चित्रित करून ठेवलेली होती. आपल्याकडे नाटक सादर करण्याला ‘प्रयोग’ म्हणतात. त्या तीन पहाटांना दुसरा कोणताही शब्द इतका चपखल बसणार नाही.

एरवी अशा करामतींविषयी मी साशंक असतो, कारण कॅमेऱ्याच्या कौतुकात माणसे हरवतात. इथे मात्र सलगपणा हाच कथेचा युक्तिवाद आहे. नेहमीच्या चित्रपटात नायिका संकोचते, दृश्य बदलते आणि पुढच्या क्षणी ती गाडीत बसलेली दिसते. मधल्या जिन्यावर, लिफ्टमध्ये, रस्ता ओलांडताना तिला परत फिरता आले असते, हे आपल्या ध्यानातही येत नाही. शिपर तो मधला वेळ गाळत नाहीत. घरी जाण्याची संधी तिला वारंवार मिळते आणि प्रत्येक वेळी आणखी पाच मिनिटे थांबणे हेच शहाणपणाचे वाटते. पैशाचा विषय निघतो तेव्हा बराच वेळ लोटलेला असतो. लोभ असा उशिरा येतो. तोवर मोहाने, म्हणजे कोणीतरी आपल्याला सोबत घेतले आहे या सुखाने, आपले काम उरकलेले असते.

याचा कळस कॅफेतील दृश्यात आहे. चौघांपैकी झोने हा तरुण तिला सोडायला कॅफेपर्यंत येतो. तिथे पियानो असतो. ती सहज बसते आणि संगीतकार फ्रान्झ लिस्टचा ‘मेफिस्टो वॉल्ट्झ’ असा वाजवते की तो अवाक् होतो. वर्षानुवर्षे रोज तासन्‌तास रियाज करूनही संगीतशाळेने आपल्याला नाकारले, हे ती त्यानंतर सांगते. या रचनेमागे सैतानाशी करार करणाऱ्या फाउस्टच्या कथेतील एक प्रसंग आहे: गावातल्या मद्यगृहात नाच चाललेला असताना मेफिस्टो हा सैतान वादकाच्या हातून व्हायोलिन घेतो आणि असे काही वाजवतो की नाचणारे देहभान विसरतात. भुरळ घालणारे सूर इथे व्हिक्टोरियाच्या बोटांतून निघतात, ही मला दिग्दर्शकाची सर्वांत धूर्त खेळी वाटते. त्यानंतर ती निव्वळ फसवली गेलेली भाबडी मुलगी उरत नाही.

भाषेचाही यात वाटा आहे. तिला जर्मन येत नाही, म्हणून सगळे मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलतात, आणि मुले आपसांत जर्मनमध्ये काय कुजबुजतात ते तिला कळत नाही. संवादांत इंग्रजीचे प्रमाण जास्त असल्यामुळे परभाषिक चित्रपटांच्या ऑस्कर स्पर्धेत हा चित्रपट अपात्र ठरला.

दरोड्याचा सूत्रधार गुंड मात्र मला साचेबद्ध वाटला. भुयारी वाहनतळातील त्याची दमदाटी शेकडो चित्रपटांत येऊन गेली आहे. उत्तरार्धात पळापळ वाढते तशी माणसे थोडी धूसर होतात. व्हिक्टोरिया साकारणाऱ्या लाइया कोस्टाचा चेहरा तेवढा शेवटपर्यंत पकड सोडत नाही.

श्रेयनामावलीत पहिले नाव छायाचित्रकार स्टुर्ला ब्रांट ग्रोव्हलेन यांचे येते. बर्लिन चित्रपट महोत्सवात त्यांना ‘रौप्य अस्वल’ हा पुरस्कार मिळाला होता. अखेरच्या क्षणी व्हिक्टोरिया हॉटेलातून बाहेर पडते आणि सकाळच्या रस्त्याने चालू लागते. इतका वेळ तिच्या खांद्याशी असलेला कॅमेरा तिथे थांबतो, आणि ती एकटीच दूर जात राहते.