पाय तालमीचे, कागद कॉलेजचे

कोल्हापुरात कॉलेजच्या फुटबॉल टीमचा कॅप्टन म्हणजे निम्मा खेळाडू आणि निम्मा क्लार्क. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला जिमखान्याच्या सरांनी माझं नाव पुढं केलं, कारण टीममधला लेक्चरला नेमानं बसणारा बहुधा मी एकटाच होतो. खेळायचो स्टॉपर बॅक, म्हणजे बचावफळीत मधोमध. बरा खेळायचो, त्यापलीकडं काही नाही.

बाहेरच्यांसाठी आधी थोडं सांगतो. इथला फुटबॉल तालमींचा, म्हणजे पेठापेठांतल्या मंडळांचा. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब... पोरगं धड चालायला लागायच्या आत ते कुठल्या तालमीचं हे पेठेनं ठरवलेलं असतं. केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, लीग सुरू झाली की शाहू स्टेडियमच्या गॅलऱ्या भरतात, तालमींकडून परदेशी खेळाडू उतरतात, बंदोबस्ताला पोलीस येतात. कॉलेजच्या मॅचला बघायला कोण? राखीव खेळाडू, त्यांच्या बॅगा आणि कुणाचा तरी धाकटा भाऊ.

मोठं व्हायची वाटही कॉलेजातून जात नाही. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला आपला अनिकेत जाधव लहानपणीच पुण्याला क्रीडा प्रबोधिनीत गेला होता. कॉलेजात येतात ती त्या वाटेनं न गेलेली पोरं. त्यांच्यासाठी शिवाजी विद्यापीठाचा संघ ही पुढची पायरी. त्यासाठी आधी कोल्हापूर विभागाची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, मग सांगली, साताऱ्याच्या संघांबरोबर आंतरविभागीय, तिथून निवड, शिबिर, आणि नशीब असेल तर पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. कॉलेजच्या मैदानावर नाव नोंदवल्याशिवाय ही साखळी सुरूच होत नाही.

आणि नाव नोंदवायचं म्हणजे फॉर्म. दहावी-बारावीची मार्कलिस्टं, प्रवेशाची पावती, आयकार्ड, वय पंचविशीच्या आत असल्याचा पुरावा, फोटोवर शिक्का. तोही अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर उमटला पाहिजे. वाचायला सोपं वाटतं. पण आमचा लेफ्ट विंगर कॉलेजात यायचाच नाही, तो उद्यमनगरात लेथवर कामाला. एका दुपारी फॉर्म घेऊन वर्कशॉपमध्येच गेलो. मशीनच्या आवाजात ओरडून सांगितलं, "सही कर फक्त." त्यानं हात पुसले, पण पुसलं ते फडकंच तेलकट! सहीच्या शेजारी काळाकुट्ट अंगठा उठला. दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या मॅडमनी फॉर्म दोन बोटांत धरून परत दिला. "हा पुढं जाणार नाही. नवीन भरून आण." परत उद्यमनगर. या वेळी मी घरनं साबण घेऊन गेलो. मालक हसत म्हणाला, "आता टॉवेल बी आणायचा हुतास की!"

सराव पावसाळ्यात. मैदानावर घोट्याएवढा चिखल, सकाळी सहाला निम्मी पोरं गायब. पण खरी अडचण हजेरीची नव्हती. मधल्या फळीतला हाफ एका तालमीचा, विंगर तिच्या कट्टर विरोधी तालमीचा. आदल्या सीझनला दोघं भर मैदानात एकमेकांना भिडलेले. विंगर मोकळा उभा असायचा, हात वर करून ओरडायचा, आणि हाफ मागं माझ्याकडं बॉल द्यायचा. सरळ! मी समजावून बघितलं, तर म्हणाला, "दिसलाच नाही मला." सहा फुटी पोरगं, भडक पिवळी जर्सी, आणि दिसलं नाही.

सर कधी रागावले नाहीत. त्यांनी सरावातल्या मॅचला एक नियम काढला: दुसऱ्या तालमीच्या पोराच्या पासवर झालेला गोलच मोजायचा, बाकीचे धरायचे नाहीत. हरेल त्या टीमनं गंगावेशीत सगळ्यांना दूध पाजायचं. पहिले काही दिवस गोलच मोजले गेले नाहीत. मग एकदा हाफनं नाइलाजानं लांब बॉल टाकला, विंगरनं छातीवर घेतला आणि बॉल खाली पडायच्या आत हाणला. दोघं एकमेकांकडं बघून हसले बिसले नाहीत. पण त्यानंतर पास जायला लागले. मला वाटतं, मैत्रीपेक्षा खिशाला चाट बसायची भीती जास्त कामाला आली.

स्पर्धा बाद पद्धतीची. इतकी कॉलेजं, मैदानं मोजकी, दुसरा इलाज नाही. पण महिनोन्‌महिने केलेली जुळवाजुळव एका वाईट दुपारीत संपू शकते, हे पोटात घेऊन खेळावं लागतं. पहिल्या मॅचा आरामात काढल्या. सेमीफायनल बरोबरीत सुटली आणि टायब्रेकर लागला. चार-चार फटके झाले, आमचे चारही गोल, त्यांचा एक बाहेर. त्यांचा पाचवा आमच्या गोलीनं उजवीकडं झेपावून अडवला. आम्ही सगळे सेंटरवरनं पळत सुटलो, आणि रेफ्रींची शिट्टी. बॉल मारायच्या आधीच गोलीचे दोन्ही पाय रेषेच्या पुढं होते. 2019 पासून एक तरी पाय रेषेवर लागतो. रेफ्री बरोबरच होते. गोलीला ताकीद मिळाली, फटका परत. या वेळी त्या पोरानं बॉल पोस्टवर हाणला. गोली जागचा हलला नव्हता, त्यामुळं श्रेय कुणाचं यावर आमच्यात अजून वाद आहे.

आंतरविभागीयला एका गोलानं हरलो. त्या मॅचबद्दल सांगण्यासारखं फार नाही, समोरची टीम चांगली होती. पण निवड चाचणीला आमची तिघं गेली, आणि विंगर शिबिरातून संघात राखीव म्हणून शिरला. आता त्याची तालीम त्याला सोडणार का, ही मला धास्ती. लीग तोंडावर आलेली. तालमीतल्या मोठ्या माणसांसमोर मी भीतभीतच बोललो. एक काका म्हणाले, "जाऊ दे की. युनिव्हर्सिटीचा कलर घिऊन आला तर आमच्याच तालमीचं नाव हुतंय." कलर म्हणजे विद्यापीठाकडून खेळल्याचा मान. अडून बसला तो वर्कशॉपचा मालक. "सुट्टी देतो, पगार न्हाई." विंगर तरीही गेला. एका मॅचला शेवटी शेवटी उतरला, बॉल दोन-तीनदाच पायाला लागला म्हणाला.

परत आला आणि पहिल्याच रविवारी लीगला त्याची तालीम आमच्या हाफच्या तालमीसमोर. मी गॅलरीत. दहाव्या मिनिटाला हाफनं त्याला असा टॅकल केला की विंगर थेट बाहेरच्या पट्ट्याजवळ जाऊन पडला. पिवळं कार्ड. माझ्या डाव्या बाजूचे उठून शिव्या द्यायला लागले, उजव्या बाजूचे टाळ्या वाजवायला लागले. मी उभा राहून हाफ आणि विंगर, दोघांनाही नावानिशी शिव्या घातल्या. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "तू नेमका कुठल्या तालमीचा रं?"