जुनी थ्री सिरीज घेताना : माझा अनुभव

गेल्या वर्षी मी पुण्यात बीएमडब्ल्यूच्या थ्री सिरीजमधली ३२०डी ही २०१७ साली नोंदणी झालेली डिझेल सेदान विकत घेतली. अशी गाडी घ्यायची म्हटले की बहुतेकांचा पहिला प्रश्न 'केवढ्याला पडली?' हा असतो. माझ्या मते तो प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. नवी असताना शोरूममध्ये ३६ लाखांपासून पुढे विकली जाणारी गाडी आठ वर्षांनी निम्म्याहून कमी किमतीत मिळते, पण तिचे सुटे भाग आणि मजुरी मात्र ३६ लाखांच्या गाडीच्याच भावाने येतात. त्यामुळे आपण प्रत्यक्षात विकत घेतो ती आधीच्या मालकाची शिस्त, आणि ती शिस्त तपासायची कशी, हे समजण्यातच माझा बहुतेक वेळ गेला. त्याची हकीकत, जुनी थ्री सिरीज, ऑडीची ए४ किंवा मर्सिडीजची सी-क्लास घेण्याच्या विचारात असलेल्यांच्या उपयोगी पडावी म्हणून, सविस्तर लिहीत आहे.

मॉडेल ठरवायला फारसा वेळ लागला नाही. मला गाडी चालवायची आवड आहे आणि मागच्या चाकांवर चालणारी (म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांना देणारी), स्टिअरिंगला मोकळी अशी सेदान हवी होती. ऑडी ए४ पुढच्या चाकांवर चालते. सी-क्लास मागच्या चाकांवर चालते खरी, पण तिचा कल आरामाकडे अधिक आहे. थ्री सिरीजची एफ३० ही पिढी आपल्याकडे २०१२ पासून २०१९ पर्यंत विकली गेली आणि तिच्यात दोन डिझेल इंजिने आली. आधीचे एन४७, १८४ अश्वशक्तीचे. जानेवारी २०१६ मध्ये आलेल्या सुधारित गाडीत बी४७, १९० अश्वशक्ती आणि ४०० न्यूटन मीटर टॉर्कचे. दोन्हींची टायमिंग चेन, म्हणजे इंजिनातल्या झडपांची वेळ जुळवणारी साखळी, इंजिनाच्या मागच्या बाजूला, म्हणजे गिअरबॉक्सकडे आहे. ती बदलायची वेळ आली तर गिअरबॉक्स किंवा इंजिन उतरवावे लागते आणि खर्च लाखांत जातो. एन४७ची, विशेषतः त्याच्या सुरुवातीच्या वर्षांतली, चेन त्रासासाठी जगभर ओळखली जाते. म्हणून २०१६ नंतरचीच गाडी पाहायची, हे मी पहिल्यापासून पक्के ठेवले.

शोध सुरू केल्यावर सर्वांत स्वस्त गाड्या दिल्लीच्या निघाल्या. तिथे दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर बंदी घालणारा आधी हरित लवादाचा आणि मग सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आल्यापासून, आठ-नऊ वर्षांच्या डिझेल गाड्यांचे भाव पडलेले होते आणि एजंट त्या इकडे आणून विकत होते. भावातला फरक डोळ्यांत भरतो, परंतु तिथल्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्राचा रस्ता कर आणि नव्या क्रमांकाची नोंदणी हे सगळे जमेस धरले की तो बराच आटतो. शिवाय ज्या वर्कशॉपमध्ये गाडीची देखभाल झाली तिथे जाऊन विचारता येत नाही. मी तो मार्ग सोडून दिला आणि एमएच १२ किंवा एमएच १४ क्रमांकाचीच गाडी घ्यायची ठरवली.

पुण्यातल्या गाड्यांची वेगळी तपासणी करावी लागते, ती पाण्याची. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा अरण्येश्वर, सहकारनगर भागातल्या सोसायट्यांच्या पार्किंगमधून गाड्या वाहून गेल्या होत्या, आणि जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्याच्या एकता नगरीत पुन्हा पाणी शिरले. अशा गाड्या पुढे कुठे जातात, याचा विचार खरेदीदाराने करायलाच हवा. मला एका विक्रेत्याकडे पांढरी, चकाचक पॉलिश केलेली, बाजारभावापेक्षा दोन लाखांनी स्वस्त अशी ३२०डी दाखवण्यात आली. आतमध्ये सुगंधी स्प्रेचा उग्र वास होता. माझ्याबरोबर आलेल्या मेकॅनिकने, ज्याला आम्ही सगळे भाऊ म्हणतो, काहीच न बोलता ड्रायव्हरचा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला. पट्ट्याचा रोज वापरात येणारा भाग स्वच्छ काळा होता, पण रोलरमध्ये गुंडाळून राहणाऱ्या शेवटच्या वीतभर भागावर मातकट रंगाची, आडवी, सरळ रेघ होती. मग त्याने डिकीतली फळी उचलली. या गाडीची बॅटरी बोनेटखाली नसून डिकीत उजव्या बाजूला असते; तिच्या खोबणीच्या कोपऱ्यात बोटाला लागेल इतका वाळलेला गाळ होता आणि सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेले होते. विक्रेता म्हणाला, "साहेब, धुताना पाणी जातंच थोडं." आम्ही निघालो. पाण्यात बुडालेल्या गाडीचे इंजिन दुरुस्त होते, पण गालिच्याखालून जाणाऱ्या वायरिंगमध्ये आणि कंट्रोल युनिटमध्ये (गाडीतल्या छोट्या संगणकांमध्ये) सुरू झालेला गंज कुणालाही थांबवता येत नाही. बिघाड महिन्यांनी, वेगवेगळ्या ठिकाणी दिसू लागतात. स्वस्त गाडी पाहायला जाताना सीटबेल्ट ओढून पाहायला एक मिनिटसुद्धा लागत नाही, आणि हे कुणीही करू शकतो.

ज्या गाडीवर अखेर मन बसले ती कोथरूडमधल्या एका निवृत्त गृहस्थांची होती. पहिलेच मालक, ६८ हजार किलोमीटर रनिंग, आणि कपाटातून काढलेली एक जाड फाइल. त्या फाइलने माझा निम्मा निर्णय केला, हे मी मोकळेपणाने सांगतो. प्रत्येक सर्व्हिसचे बिल तारखेनुसार लावलेले होते, आणि गाडीचा संगणक तेल बदलायला सांगेपर्यंत न थांबता काकांनी ते वर्षातून एकदा बदलून घेतले होते. आपल्या धुळीत आणि पुण्याच्या थांबत-थांबत चालणाऱ्या रहदारीत चेन, टर्बो आणि इंजिन टिकवणारी गोष्ट हीच आहे, असे मला वाटते. बिलावरचे किलोमीटर आणि तारखा एका कागदावर उतरवून घेतल्या. आकडा कुठेही मागे आलेला नव्हता.

फाइलवर विश्वास ठेवला तरी तपासणी सोडली नाही. काकांना आदल्या दिवशीच विनंती केली होती, "काका, उद्या आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका." गरम इंजिन पुष्कळ काही लपवते. सकाळी पोहोचल्यावर भाऊने आधी बोनेटवर हात ठेवून ते थंड असल्याची खात्री केली, मग मला स्टार्टचे बटण दाबायला सांगून स्वतः इंजिनाच्या मागच्या बाजूला, विंडस्क्रीनच्या खाली, कान लावून उभा राहिला. चेन सैल असेल तर सुरू होताच तिथून खडखड येते. तशी ती आली नाही. धूर नव्हता, तेलाच्या टोपीखाली पांढरट साय नव्हती, म्हणजे तेलात पाणी मिसळलेले दिसत नव्हते. त्यानंतर रंगाची जाडी मोजणारे यंत्र प्रत्येक पॅनलवर फिरवले. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो; डाव्या बाजूच्या मागच्या दारावर आकडा तिप्पट आला. काकांनी स्वतःहूनच सांगितले की पार्किंगच्या खांबाला दार घासले होते, आणि विम्याच्या दाव्याचा कागदही काढून दिला. दाराच्या आतले रबर आणि बिजागरीचे बोल्ट मूळचेच होते, म्हणजे फक्त डेंटिंग-पेंटिंग झालेले होते.

गाडीच्या संगणकातल्या नोंदी वाचणारा स्कॅनर जोडणे या वर्गातल्या गाडीत अपरिहार्य आहे. किलोमीटरचा आकडा फक्त मीटरमध्ये नसतो, तो इतर कंट्रोल युनिटमध्ये आणि किल्लीतही नोंदला जातो. मीटर मागे फिरवणारा सहसा सगळीकडचा आकडा बदलत नाही. इथे सगळे आकडे जुळले. जुन्या त्रुटींच्या नोंदींत बॅटरीच्या कमी व्होल्टेजची एक नोंद होती, तिचा खुलासा बॅटरीच्या वयातून झाला. अधिकृत सेवा केंद्रात चासी क्रमांक देऊन, काकांना बरोबर घेऊन, प्रलंबित रिकॉलही, म्हणजे दोष दुरुस्तीसाठी कंपनीने गाडी परत बोलावली आहे का तेही, विचारून घेतला. बीएमडब्ल्यूच्या काही डिझेल इंजिनांच्या ईजीआर कूलरमधून (इंजिनात परत सोडला जाणारा धूर थंड करणाऱ्या भागातून) शीतक गळून आग लागण्याच्या धोक्यामुळे २०१८ मध्ये दक्षिण कोरिया आणि युरोपात मोठी मोहीम झाली होती, त्यामुळे हा प्रश्न विचारणे मला आवश्यक वाटले. या गाडीवर काहीही प्रलंबित नव्हते.

गाडी लिफ्टवर चढवल्यावर पुढच्या चाकांना धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मचे रबरी बुश फाटलेले दिसले आणि टायरचा प्रश्न समोर आला. टायरच्या भिंतीवर डॉट या अक्षरांच्या ओळीत शेवटचे चार अंक असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही टायर सहा वर्षांपुढचे होते. रबर वरून चांगले दिसत होते, पण खाचांच्या तळाशी बारीक तडे होते. हे रन-फ्लॅट टायर आहेत, हवा गेल्यावरही काही अंतर चालतात, आणि एकेक २० हजारांच्या आसपास जातो. चार टायर, बुश आणि बॅटरी असा सव्वा लाखाचा कागद मी तिथेच तयार केला.

टेस्ट ड्राइव्हसाठी आम्ही गाडी नव्या कात्रज बोगद्याच्या चढापर्यंत नेली. मला झेडएफ कंपनीच्या आठ गिअरच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे वागणे पाहायचे होते, आणि ते वेगात कळत नाही. सिग्नलपाशी हळूहळू थांबताना दुसऱ्यातून पहिल्यात येताना झटका बसतो का, हे पाहावे लागते. तो बसला नाही. चढावर, इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर पाय दाबला तेव्हा गाडी ज्या सहजतेने ओढली गेली, त्या क्षणी मला या गाडीचा मोह का पडला होता हे पुन्हा पटले. ब्रेक दाबताना मात्र पुढून हलकी खडखड ऐकू आली, ती त्या बुशचीच.

भावाची बोलणी लवकर संपली. काकांची अपेक्षा १६ लाख ७५ हजारांची होती. मी माझा कागद त्यांच्यापुढे ठेवला, त्यांनी तो शांतपणे वाचला आणि एक लाख कमी केले. मी बयाणा बँकेतून पाठवला आणि साध्या कागदावर लेखी अटी केल्या : गाडी तिच्यावरचा कर्जाचा बोजा उतरवून मिळावी, ई-चलान शून्य असावे, आणि नावावर होण्याची प्रक्रिया दोघांनी मिळून पूर्ण करावी.

बोज्याचे कलम उगाच घातले नव्हते. मी विचारले, "काका, लोन फिटलंय ना?" ते म्हणाले, "कधीचंच." फिटले होतेही, पण परिवहन विभागाच्या 'वाहन' प्रणालीत बँकेचे नाव तसेच होते. एचपी, म्हणजे हा बोजा, उतरवल्याशिवाय किंवा बँकेच्या संमतीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. तो उतरवण्यासाठी नमुना ३५ आणि बँकेचे ना हरकत पत्र लागते. बँकेने जुने पत्र मुदत संपल्यामुळे नव्याने दिले. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या नोंदणीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवणेही सक्तीचे आहे, आणि ती नसेल तर आरटीओतली हस्तांतरणाची कामे अडतात. काकांनी ती आधीच बसवून घेतली होती. मग नमुना २९ आणि ३० भरून आधारच्या ओटीपीने अर्ज झाला. काकांचा वाहन प्रणालीतला मोबाइल क्रमांक जुना होता, तो आधी बदलावा लागला. विक्रेत्याला हे पहिल्याच भेटीत तपासायला सांगावे.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगतो, कारण ती फार जण टाळतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार खरेदीदाराने तीस दिवसांत हस्तांतरण कळवायचे असते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की नोंद बदलेपर्यंत अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच राहते. म्हणजे सह्या केलेले कोरे फॉर्म देऊन मोकळे होणारा विक्रेता स्वतःला धोक्यात घालतो. खरेदीदाराचा धोका विम्यात असतो. कलम १५७ अन्वये चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवावे लागते. तिसऱ्या पक्षाचे संरक्षण आपोआप चालू राहते, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे नाही. नो क्लेम बोनसही गाडीबरोबर येत नाही, तो विक्रेत्याचाच राहतो, आणि त्याचा फरक मी भरला. जुना फास्टॅग काकांनी बंद करेपर्यंत नवा मिळत नाही, म्हणून तोही त्याच बैठकीत बंद करून घेतला आणि मोबाइल अ‍ॅपमधल्या त्यांच्या खात्यातून गाडीही काढून घेतली. आरसीचे कार्ड पुढे टपालाने घरी आले.

खरेदीच्या वेळीच दोन लाख रुपये वेगळे ठेवले होते आणि ते वापरले. टायर आणि बुश आधी बदलले. बॅटरी बदलताना नव्या बॅटरीची नोंद गाडीच्या संगणकात करून घेतली. ती केली नाही तर गाडी जुन्या बॅटरीच्या हिशेबानेच चार्ज करत राहते. त्यानंतर गिअरबॉक्सचे तेल. गाडीच्या वेळापत्रकात ते बदलायला सांगितलेले नाही, परंतु गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ते बदलावे असे सांगते, आणि मी बनवणाऱ्याचे ऐकले. तेलाची चाळणी प्लास्टिकच्या तळपात्रातच बसवलेली असल्यामुळे अख्खे पात्र बदलावे लागते, आणि पातळी इंजिन चालू ठेवून, तेलाचे तापमान ३० ते ५० अंशांच्या दरम्यान असतानाच पाहायची असते. भाऊने स्कॅनर लावून तापमान बघत तेल भरले. निघालेले तेल गडद होते, पण त्यात धातूचा चुरा नव्हता. आता ब्रेक फ्लुइडचे काम बाकी आहे. ते दर दोन वर्षांनी बदलायचे असते, आणि काकांच्या फाइलमधल्या शेवटच्या बिलाची तारीख पाहता ते येत्या दिवाळीच्या आधी करून घ्यायचे आहे.