आजीचे मेंबर

रविवार, रात्री

आज आजीचे वर्षश्राद्ध झाले. पंगत उठल्यावर सगळे तिच्या हाताच्या चवीविषयी बोलत होते आणि त्यात खोटे काहीच नव्हते. पण मला मनापासून वाटते की आजीचे खरे कसब माणसे धरून ठेवण्यात होते, आणि स्वयंपाक हे त्याचे निमित्त होते. हे नीट लिहून ठेवायला हवे.

मालवणजवळच्या खेड्यातून लग्न होऊन ती लालबागच्या चाळीत आली, तेव्हा बायकामुले गावी ठेवून एकटे राहणारे असंख्य कामगार गिरणगावात होते. एकेका खोलीत दाटीवाटीने राहणाऱ्या या माणसांना दोन वेळचे गरम अन्न मिळे ते खाणावळवाल्या बायकांमुळे. आजीकडे पंधरा-वीस मेंबर, म्हणजे महिन्याच्या पैशांवर जेवणारी माणसे, असत. दिसपाळीचे आधी, रातपाळीचे नंतर, अशा पंगती त्या दहा बाय बाराच्या खोलीत बसत. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळे टाकता टाकता ती एकेकाला विचारी, "काय रे, आवशीचो गुडघो कसो आसा?" उत्तर ऐकून सोडून देणे तिला ठाऊक नव्हते. कणकवलीचा एक मेंबर रजेवर निघाला की त्याच गावच्या दुसऱ्याने बायकोसाठी घेतलेले लुगडे, तिसऱ्याच्या वडिलांचे औषध आणि चौथ्याचा निरोप असे सारे ती त्याच्या ट्रंकेत स्वतःच्या हाताने भरून देई.

सावकाराच्या व्याजाने खाणावळवाल्यांचे कंबरडे मोडलेले असे. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि या बायकांना एकमेकींच्या जामिनावर राष्ट्रीयीकृत बँकांचे कर्ज मिळू लागले. बँकेची पायरी चढायला घाबरणाऱ्या शेजारणींना आजीनेच समजावून नेले. कोण हप्ता बुडवणार नाही, हे तिला कागद न बघता सांगता येई, कारण जिन्यात, नळावर आणि दळणाच्या रांगेत तिचे सगळ्यांशी बोलणे असे. तिच्या गप्पांना घरातली काही माणसे वेळ घालवणे म्हणत. मला ते तेव्हाही पटत नसे.

मग 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. मी तेव्हा लहान होतो, पण ताटातला बदल लख्ख आठवतो. मासे गेले, भाजी गेली, उरली ती कुळथाची पिठी आणि भात. मेंबरांचे पैसे थांबले, वाण्याकडची उचापत वाढत गेली, आजीच्या हातातल्या पाटल्या दिसेनाशा झाल्या. तरी खाणावळ बंद झाली नाही. पैसे नसल्याच्या लाजेने एक मेंबर जेवायला येईनासा झाला, तेव्हा तिने मला त्याच्या खोलीवर पाठवले आणि बजावले की रिकाम्या हाताने परत यायचे नाही. तो आला. तिने त्याला पंगतीच्या मधोमध बसवले आणि भावाच्या लग्नाचे काय झाले, एवढेच विचारले.

आज कुणीतरी तिला दानशूर म्हटले, ते मला रुचले नाही. प्रत्येकाच्या थकलेल्या महिन्यांचा हिशेब तिला तोंडपाठ होता आणि आपली माणसे तो फेडतील याची तिला खात्री होती. संप कधी रीतसर मिटलाच नाही, बरेच जण कायमचे गावी गेले. त्यांतल्या काहींनी पुढे कितीतरी वर्षांनी पैसे आणून दिले, काहींनी तांदूळ, काहींनी नुसत्या मुलांच्या लग्नपत्रिका. आजीने त्या सगळ्याची नोंद सारखीच मानली.

घरात फोन आल्यावर तिने माझ्याकडून एक वही लिहून घेतली होती. तिला स्वतःला सहीपुरतेच लिहिता येई. वहीत नावे आडनावाप्रमाणे नाहीत, गावांप्रमाणे आहेत: देवगड, कणकवली, वेंगुर्ले. दर सणाला ती एकेका गावाला फोन लावायला सांगे.

आज दुपारी मी कणकवलीचे पान काढून एक नंबर फिरवला. लाजून जेवायला न येणाऱ्या त्या मेंबरच्या सुनेने फोन घेतला. मी कोण हे सांगताच तिने सासऱ्यांना हाक मारली. त्यांना आता कमी ऐकू येते, त्यामुळे सारे बोलणे ओरडूनच झाले. वैशाखात नातीचे लग्न आहे, "वैनीच्या घरची सगळी आली पाहिजेत," असे त्यांनी दोनदा बजावले. मी येतो म्हणून सांगितले आहे. उद्या वेंगुर्ल्याला फोन लावायचा आहे.