मालवणची बाई समुद्र बघायला तुर्कस्तानात

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसा हा प्रश्न मला लग्नात विचारतात, मुंजीत विचारतात, परवा तर दातांच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात हत्यारं असताना विचारला. "तुम्ही मालवणच्या ना? मग समुद्र बघायला तुर्कस्तानात कशाला गेलात? आणि गेलात ते गेलात, इस्तंबूल आणि कापादोक्याचे गरम हवेचे फुगे सोडून कोळ्यांच्या खेड्यात चार दिवस केलंत काय?" डॉक्टरांना तेव्हा 'आं' एवढंच उत्तर मिळालं. आता सावकाश सांगते. (2025 मध्ये तुर्कस्ताननं पाकिस्तानची बाजू घेतल्यापासून या प्रश्नाला 'तुर्कस्तानातच का' अशी एक नवी धारही आली आहे. आम्ही गेलो ते 2022 च्या ऑक्टोबरात. आज जायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं.)

गावाचं नाव कालेकोय. 'काले' म्हणजे किल्ला, 'कोय' म्हणजे गाव. त्यांचा 'काले' आणि आपला 'किल्ला' मुळात एकच अरबी शब्द, आपल्याकडे तो फारसीच्या वाटेनं आला. किल्ल्याचं गाव, खाली समुद्र, समोर बेट. मालवणच्या माणसाला तिकीट काढायला एवढं पुरतं. नवऱ्याला पुरलं नाही, पण तो माझ्या सामानाबरोबर येतो.

अंताल्याहून बस किनाऱ्यानं वळणं घेत निघते. एका बाजूला पाइनचे डोंगर, दुसरीकडे थेट पाण्यात उतरलेला कडा. फिनिकेला संत्र्यांच्या बागा लागतात. देमरे जवळ आलं तेव्हा खाली काहीतरी पांढरं चमकताना दिसलं आणि मी "समुद्र बघ" म्हणून नवऱ्याला उठवलं. समुद्र नव्हता तो, टोमॅटो आणि मिरच्यांची हरितगृहं होती, प्लास्टिक आणि काचेची, डोळा पोचेल तिथपर्यंत. याच देमरेचं जुनं नाव मायरा. नाताळच्या सांताक्लॉजची गोष्ट ज्यांच्यावरून निघाली ते संत निकोलस चौथ्या शतकात इथले बिशप होते. त्यांचं चर्च आम्ही अर्ध्या तासात उरकलं, कारण उचाआझची दोलमुश सुटायला आली होती. दोलमुश म्हणजे आपली वडाप. शब्दाचा अर्थच 'भरलेली'. डोलमा म्हणून पानात भात भरून देतात, तोही याच धातूतला. आम्हीही त्या भातासारखेच बसलो होतो.

उचाआझ म्हणजे 'तीन तोंडं'. तिथे रस्ता संपतो. पुढे कालेकोयला होडीनं दहा-पंधरा मिनिटं, नाहीतर डोंगरातून पायी. ती पायवाट लिशियन वाटेचा भाग आहे, 1999 मध्ये आखलेली, पाचेकशे किलोमीटरची. तरुण मुलंमुली पाठीवर बिऱ्हाड घेऊन ती चालत असतात. आम्ही होडीत बसलो. होडीच्या नाळेवर 'देर्या' लिहिलं होतं. रोजच्या बोलण्यात तुर्की लोक समुद्राला 'देनिझ' म्हणतात, 'देर्या' कवितेत आणि मुलींच्या नावांत उरला आहे. आपल्याकडे दर्या अजून कामाला जातो.

गावाला रस्ता नाही. हे वाक्य आपल्याकडे अर्जात लिहितात, पर्यटनाच्या जाहिरातीत त्याच वाक्याचे पैसे होतात. धक्क्यापासून किल्ल्यापर्यंत नुसत्या पायऱ्या, मधे बोगनवेली, कोंबड्या, आणि कुणाच्या अंगणात दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीची दगडी शवपेटी, तिच्यावर वाळत घातलेलं पोतेरं. या किनाऱ्यावरच्या प्राचीन लिशियन लोकांच्या या शवपेट्यांची झाकणं उलट्या ठेवलेल्या होडीसारखी असतात, मधोमध कणा असलेली. एक पेटी तर पाण्यात उभी आहे, गुडघाभर. तिच्याभोवती होड्या नांगरतात. समोरच्या केकोवा बेटाच्या काठावर जिने थेट पाण्यात उतरतात आणि खाली भिंती दिसतात. दुसऱ्या शतकातले भूकंप आणि नंतर हळूहळू खचत गेलेली जमीन, यात जुनं गाव खाली गेलं. तिथे पोहायला बंदी आहे, होडीतूनच बघायचं. वर किल्ल्यात खडकात कोरलेलं सात ओळींचं नाट्यगृह आहे, फार तर तीनशे माणसं बसतील. शाळेच्या स्नेहसंमेलनाला पुरेल एवढं. मला सगळ्यात आवडलं ते हे. एवढ्याशा गावालाही नाटक लागत होतं.

हे सगळं बघायला दीड दिवस लागतो. उरलेल्या अडीच दिवसांचा हिशेब तुम्ही मागताय.

आम्ही उतरलो होतो त्या घराच्या तीन खोल्या पाहुण्यांना देतात. मालकीणबाई साठीच्या आसपासच्या. मी त्यांना 'अब्ला' म्हणायची, म्हणजे ताई. त्याही मला 'अब्ला' म्हणायच्या. दोघींत थोरली कोण ते शेवटपर्यंत ठरलं नाही, कारण वय विचारायची छाती कुणाचीच झाली नाही. बोलणं फोनमधल्या भाषांतरावर. फोननं पहिल्याच संध्याकाळी "माझा मुलगा टोमॅटो आहे" असं सांगितलं. मुलगा देमरेच्या हरितगृहात कामाला आहे, हे कळायला वेळ लागला, पण तोवर हसून हसून ओळख झाली होती. मग हवा, दुनिया, साबण, पनीर असे दोघींचे सामाईक शब्द निघत गेले. 'तमाम' म्हटलं की मात्र माझी गडबड व्हायची. त्यांच्याकडे 'तमाम' म्हणजे 'बरं, ठीक'. मला प्रत्येक वेळी 'तमाम' पुढे 'जनता' ऐकू यायची.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली. तिकडे ऑक्टोबरच्या शेवटी सूर्य सातनंतर उगवतो, त्यामुळे पहाट लांबलचक. धक्क्यावर अब्ला उकिडव्या बसल्या होत्या, एका पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवून ताणलेलं, हातात सुई. त्यांचा नवरा होडी धूत होता. जाळ्याला भोकं होती. फाटलेली नव्हती, कुरतडलेली होती, कडा कात्रीनं कापल्यासारख्या. एकातून माझा हात कोपरापर्यंत गेला असता. त्यांनी न बोलता पायाजवळची बादली माझ्याकडे सरकवली.

तळाशी थोडे तांबूस बारबून, दोन काळपट मासे, आणि वर एक टम्म फुगलेला, पाठीवर ठिपके, बाजूला चंदेरी पट्टा, पोट पांढरं आणि खरखरीत. तोंडात पोपटाच्या चोचीसारखे दात.

मी ओरडलेच, "केंड!"

मालवणात दांडीच्या वाळूत लहानपणी आम्ही पोरं रापणीतून, म्हणजे किनाऱ्यावर ओढायच्या मोठ्या जाळ्यातून, फेकून दिलेल्या केंडाचं पोट खाजवायचो. तो फुगायचा, मग त्याला लाथाडत चेंडू खेळायचो. खाल्ला तर माणूस मरतो हे आजीनं बजावलं होतं. त्याचं विष शिजवूनही जात नाही. गेली काही वर्षं मालवणचे लोकही केंडांनी जाळी कुरतडल्याची तक्रार करतात. पण हा इथे कसा? अब्लांनी बोटानं दूर आग्नेयेकडे दाखवलं आणि म्हणाल्या, "सुवेश."

सुवेझचा कालवा 1869 मध्ये खुला झाला. तांबड्या समुद्रातले, म्हणजे मुळात आपल्या हिंदी महासागराच्या बाजूचे मासे त्या वाटेनं भूमध्य समुद्रात शिरू लागले, आणि पाणी तापत चाललं तसे तिथे टिकूही लागले. हा मोठा चंदेरी केंड भूमध्यात पहिल्यांदा नोंदला गेला तो 2003 मध्ये, तुर्कस्तानच्याच गोकोवा आखातात. वीस वर्षांत त्यानं सगळा किनारा व्यापला. तुर्की लोक त्याला 'बालोन बालू' म्हणतात, फुग्या मासा. विकायला बंदी, खायला बंदी. त्याची संख्या कमी व्हावी म्हणून सरकार मच्छीमारांना दर शेपटीमागे पैसे देतं. अब्लांनी कात्रीनं त्याची शेपटी कापली आणि प्लास्टिकच्या पिशवीत टाकली. पिशवी मग फ्रीझरमध्ये गेली, बर्फाच्या आणि वाटाण्यांच्या शेजारी. शेपट्यांचे पैसे आणि नव्या जाळ्याची किंमत यांचा मेळ कसा बसतो, असं मी फोनला विचारलं. फोन बोलायच्या आत त्यांनी दोन्ही हात एकमेकांपासून लांब नेले.

तिथे एक सुई पडली होती. माझी आजी जाळी तुणायची, मला दहाव्या वर्षी ते येत होतं. चाळीस वर्षांत हातात जाळं धरलेलं नव्हतं. बसले. गाठ तीच. दोरा खालून वर, मागून वळसा, ओढताना बोटानं दाबून धरायचा, नाहीतर जाळ्याचं घर सैल पडतं. आजी घराचं माप घ्यायला लाकडाची पट्टी वापरायची, अब्ला दोन बोटं वापरत होत्या. माझी बोटं जाड, म्हणून माझी घरं मोठी झाली. पहिली तीन त्यांनी काही न बोलता उसवली आणि स्वतः घातली. चौथं राहू दिलं. त्या दिवशी अकरापर्यंत मी नऊ घरं घातली असतील. दुसऱ्या दिवशी जास्त. नवरा वर गच्चीत अंजिराखाली पुस्तक तोंडावर घेऊन झोपला होता.

तर हे केलं. जाळं सांधलं.

शांततेबद्दल सगळे विचारतात, म्हणून तेही. सकाळी अकराला देमरे आणि काशच्या सहलीच्या बोटी येतात, गाणी लावून. धक्का गजबजतो. माणसं किल्ल्यावर जातात, खाली येऊन घरी केलेलं आइस्क्रीम खातात, बायका डोक्याचे रुमाल आणि विणलेल्या लेशी विकतात. चारच्या सुमाराला सगळं ओसरतं. शांतता आहे ती त्याआधी आणि त्यानंतर. गॅसचा सिलिंडरही होडीनं येतो आणि कुणाच्या तरी खांद्यावरून पायऱ्या चढतो. त्या मुलाला धाप लागलेली ऐकू येते, कारण दुसरा आवाज नसतो. केकोवाचा परिसर 1990 पासून संरक्षित आहे, शिवाय पायाखाली सगळं पुरातत्त्व. अब्लांना माडीवर एक खोली चढवायची आहे, मुलगा परत यावा म्हणून. चढवता येत नाही. कौलं बदलायची तरी परवानगी लागते. मी म्हटलं, तुमचं गाव किती सुंदर राहिलंय. फोननं भाषांतर केलं. अब्लांनी ते वाचलं आणि चहा ओतायला उठल्या. मला तेव्हा आमच्या किनाऱ्यावर वाळूत येऊन टेकलेली हॉटेलं आठवत होती, आणि माझं वाक्य खोटं नव्हतं. पण ते त्यांना म्हणायचं वाक्य नव्हतं, एवढं त्यांच्या पाठीकडे बघून कळलं.

जेवणाचं विचाराल. पापलेट नाही, सुरमई नाही. मासा निखाऱ्यावर, वर ऑलिव्हचं तेल, मीठ, लिंबू, बाजूला कच्चा कांदा आणि रोका नावाचा तिखट पाला. ना तिरफळ, ना सोलं, ना वाटप. पहिल्या दिवशी तो मासा मला उघडा पडल्यासारखा वाटला. तिसऱ्या दिवशी आवडला, आणि हे आईला अजून सांगितलेलं नाही. एक मात्र लक्षात ठेवा. चिपुरा आणि लेवरेक हे तिकडचे लाडके मासे पुष्कळदा पिंजऱ्यात वाढवलेले असतात. "देनिझ मी, चिफ्तलिक मी?" असं विचारायचं: समुद्रातला की शेतातला? खरा माणूस खरं सांगतो. शाकाहाऱ्यांची आबाळ होत नाही, मसुराचं सूप आणि पालेभाजी भरलेली गोझलेमे नावाची पातळ पोळी सगळीकडे मिळते.

निघताना अब्लांनी एक पुडी दिली. वाळक्या चिंचेसारख्या शेंगा, चघळल्या की गुळासारख्या गोड. त्यांना 'केचिबोयनुझू' म्हणतात, बकरीचं शिंग. धक्क्यावर त्या माझ्याशी काहीतरी बोलल्या, फोन बॅगेत होता. मी "तमाम" म्हटलं.

नंतर मालवणला गेले तेव्हा चुलतभावाला फोटो दाखवले. तो दांडीवर राहतो, पन्नास वर्षं दर्यावर जातोय. किल्ला, बुडालेलं गाव, पाण्यातली शवपेटी, सगळं त्यानं अंगठ्यानं भराभर सरकवलं. बादलीच्या फोटोवर थांबला. मोठा करून बघितला.

"अगो, ह्यो तर आमचो केंड! ह्यो थंय कसो पोचलो?"

मी सुवेझचं सांगितलं, 2003 चं सांगितलं, फ्रीझरमधल्या पिशवीचं सांगितलं. तो ऐकत होता, नजर फोटोवरच.

"एका शेपटेक किती गावतत?"